आपेरोलची बाटली घरात आली, आता काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याला आमच्या बाल्कांवात (घरापुढच्या बसायच्या ओट्यावर) शनिवारी संध्याकाळी माणसं जमतात, आणि गेली काही वर्षं त्यांच्या हातात केशरी ग्लास दिसतात. त्यामुळे शेजारच्या वहिनींपासून पुण्याच्या आतेभावापर्यंत सगळे मलाच विचारतात. रात्री साडेअकराला 'सोडा आधी की वाईन आधी?' असा मेसेज येतो, आणि तेच उत्तर मी पुन्हा टाइप करतो. आता नाही करणार. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. मापं मिलिलिटरमध्ये आहेत. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, तेव्हा घरातल्या कॉलेजकुमारांनी थेट प्रश्न २१ वर जावं.

१. आपेरोल म्हणजे नक्की काय? वाईन, लिकर की रंगीत सरबत?

इटलीतलं कडवट-गोड लिकर, म्हणजे साखर आणि वनस्पतींची चव घातलेली दारू. व्हेनिसजवळच्या पादोव्हा शहरात लुइजी आणि सिल्व्हिओ या बार्बिएरी बंधूंनी ते १९१९ मध्ये बाजारात आणलं. २००३ पासून ते काम्पारी कंपनीच्या मालकीचं आहे. अल्कोहोल फक्त ११ टक्के, म्हणजे साधारण वाईनइतकंच. चवीला आधी संत्र्याची साल, मग गोडवा आणि घोट गिळल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला कडवटपणा. इटलीत ते जेवणाआधी पितात, भूक चाळवायला. जेवणानंतर पान खाल्ल्यासारखं घ्यायचं हे पेय नाही.

२. संत्र्याचं आहे, तर कडू का लागतं? बाटली खराब निघाली का?

नाही, ते तसंच असतं. यातलं संत्रं आपलं नागपुरी नाही. ते वेगळ्या जातीचं कडू संत्रं आहे. ते सोलून खात नाहीत, त्याच्या सालीचा वास वापरतात. शिवाय जेन्शियनची मुळी, सिंकोनाची साल आणि रुबार्ब अशा वनस्पती त्यात असतात. सिंकोना म्हणजे ज्याच्यापासून क्विनाइन निघतं ते झाड. टॉनिक वॉटरचा कडूपणाही तिथलाच. आणि जेन्शियन अगदीच परकी नाही. आपल्या आजीच्या डब्यातलं काडेचिराईत त्याच कुळातलं आहे. तापात तो काढा नाक दाबून प्यायलेल्यांना ही चव कुठेतरी ओळखीची वाटेल, फक्त इथे तिला साखर आणि संत्र्याची सोबत आहे.

३. आपेरोल, काम्पारी, क्वांत्रो: सगळी संत्र्याचीच ना? कुठलंही एक आणलं तर चालेल?

नाही चालणार. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्वांत्रो फ्रेंच आहे, पाण्यासारखं स्वच्छ, ४० टक्के अल्कोहोलचं आणि गोड. त्यात कडूपणा जवळजवळ नाही. मार्गारिटामध्ये टकिला आणि लिंबाला जोड देणारं लिकर ते. ट्रिपल सेक असं लिहिलेल्या स्वस्त बाटल्या याच घराण्यातल्या. मार्गारिटात क्वांत्रोऐवजी आपेरोल घातलं तर पेय पिण्यासारखं होईल, पण पांचट आणि कडवट होईल. त्याला मार्गारिटा म्हणू नका एवढंच.

काम्पारी आपेरोलचा थोरला भाऊ. गास्पारे काम्पारी यांनी ते १८६० मध्ये नोव्हारा इथे तयार केलं. रंग लालभडक, अल्कोहोल देशानुसार बदलतं पण साधारण २५ टक्के धरा, आणि कडूपणा आपेरोलच्या दुप्पट नव्हे, चौपट वाटावा असा. आपेरोलच्या जागी काम्पारी वापरायचं तर ६० मिलीऐवजी ४० घ्या (कृती प्रश्न ५ मध्ये) आणि पाहुण्यांना आधी सांगून ठेवा. उलट, नेग्रोनी कॉकटेलमध्ये (प्रश्न १५) काम्पारीऐवजी आपेरोल घातलं तर सौम्य, गोडसर पेय होतं. नवशिक्यांना ते आवडतं. मला नाही.

एकच बाटली घ्यायची असेल तर आपेरोल घ्या. वर्षभराने कडूची चटक लागली की काम्पारी आपोआप घरात येतं.

४. ११ टक्के म्हणजे चढतच नाही ना?

हिशेब करून बघा. स्प्रिट्झच्या (वाईन, आपेरोल आणि सोड्याचं कॉकटेल, प्रश्न ५) एका ग्लासात ९० मिली वाईन आणि ६० मिली आपेरोल, दोन्ही साधारण ११ टक्के. म्हणजे शुद्ध अल्कोहोल १६.५ मिली. ५ टक्क्यांच्या ३३० मिली बिअरमध्येही नेमकं तितकंच असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये सुमारे १३ मिली आणि ६० मिलीच्या पेगमध्ये सुमारे २६ मिली असतं.

तेव्हा एक स्प्रिट्झ म्हणजे एक छोटी बिअर. गंमत अशी की बिअरने पोट भरतं आणि माणूस थांबतो; हे सरबतासारखं उतरतं, आणि चार ग्लास कधी झाले ते खुर्चीवरून उठताना कळतं.

५. अगदी पहिल्यांदा करणाऱ्याने कुठलं कॉकटेल करावं?

स्प्रिट्झ. लक्षात ठेवायला ३-२-१: तीन भाग फसफसती वाईन, दोन भाग आपेरोल, एक भाग सोडा. म्हणजे ९०, ६० आणि ३०.

मोठा वाईन ग्लास काठापर्यंत बर्फाने भरा. आधी गार वाईन, मग आपेरोल, शेवटी सोडा. एकदाच, खालून वर, हलकेच ढवळा. संत्र्याची फोड आत टाका. झालं.

वाईन आधी का? आपेरोलमध्ये साखर आहे, त्यामुळे ते जड असतं. आधी ओतलं तर तळाशी बसून राहतं आणि मग तुम्ही चमचा घेऊन घुसळत बसता. घुसळलं की वाईनचा गॅस उडतो. वरून ओतलं तर ते स्वतःच खाली उतरत मिसळतं. रात्री साडेअकराच्या मेसेजचं उत्तर हेच.

स्प्रिट्झ हा शब्द जर्मन आहे, अर्थ शिंतोडा उडवणं. उत्तर इटलीचा हा भाग एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता. तिथल्या शिपायांना स्थानिक वाईन जड जायची, म्हणून ते तीत पाणी मारून घ्यायचे, असं सांगतात. थोडक्यात, मूळ स्प्रिट्झ म्हणजे पाणी घातलेली वाईन. बाकीचा थाट नंतर चढला.

६. प्रोसेको मिळत नाही, किंवा खिशाला परवडत नाही. मग?

प्रोसेको ही त्याच भागातली, ग्लेरा द्राक्षांची वाईन. ती हवीच असा हट्ट मी कधीच सोडला. नाशिकच्या सुलाची ब्रूट किंवा दिंडोरीत बनणारी शँडन ब्रूट पणजी-म्हापशाच्या दुकानांत मिळते, आणि दोन्ही या कामाला चांगल्या आहेत. लेबलवर 'ब्रूट' शब्द बघा. म्हणजे साखर कमी. गोड फसफसती वाईन घेतली तर आपेरोलची साखर आणि वाईनची साखर मिळून खोकल्याचं औषध तयार होतं.

तेवढंही नको असेल तर साधी गार व्हाईट वाईन घ्या, शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां, आणि सोडा ३० ऐवजी ६० करा. ही तडजोड नाही. मागच्या प्रश्नातले शिपाई साधी वाईनच पीत होते. उलट एक-दोन माणसंच असतील तर मी हेच करतो, कारण फसफसती बाटली एकदा उघडली की संपवावी लागते (प्रश्न १८).

७. घरात वाईनच नाही. आपेरोल आणि सोडा एवढ्यावर भागेल?

भागेल. ६० आपेरोल, १२० सोडा, लिंबाची फोड पिळून. मार्च-एप्रिलच्या दुपारी मला हे स्प्रिट्झपेक्षाही बरं वाटतं. टॉनिक वॉटर घातलं तर कडूपणा वाढतो, पण टॉनिकमध्येही साखर असते हे विसरू नका. लिम्का, स्प्राइट घालू नका. हलक्या लागर बिअरच्या ग्लासात ३० आपेरोल आणि अर्धं लिंबू मात्र जरूर करून बघा.

८. सोडा कुठला घ्यावा?

छोट्या बाटलीतला आणि फ्रीजमध्ये रात्रभर राहिलेला. गार पाण्यात गॅस टिकतो, कोमट पाण्यातून पळतो. बाल्कांवात ३३ अंशांत ठेवलेली मोठी बाटली दुसऱ्या ग्लासालाच मेलेली असते. खारवलेला लिंबूसोडा नको, साधा सोडा.

९. बर्फ कमी घातला तर पेय पाणचट होणार नाही ना?

उलट होतं. दोन खडे एकटेच पेयाशी झुंजतात आणि पाच मिनिटांत विरघळून जातात. ग्लासभर बर्फ असला की सगळं झटकन गार होतं आणि मग वितळणं मंदावतं. म्हणून काठापर्यंत भरा, कंजुषी करू नका.

गोव्यात खरी अडचण बर्फ पुरवण्याची आहे. फ्रीजच्या ट्रेमधला बर्फ तीन ग्लासांत संपतो. आदल्या दिवसापासून ट्रे रिकामे करून खडे पिशवीत साठवत जा. लाईट गेली तर पिशवीचा एकच गोळा होतो, म्हणून पिशवी टॉवेलात गुंडाळून ठेवा. आणि मासळीवाल्यांसाठी जो लादीचा बर्फ मिळतो तो बाटल्या गार करायला बादलीत घाला, ग्लासात नाही. तो खाण्यासाठी बनवलेला नसतो. आमच्याकडे एका उत्साही पाहुण्याने तो फोडून ग्लासात टाकला आणि त्या संध्याकाळी स्प्रिट्झला बांगड्याचा वास होता.

१०. पेग मेजर नाही, वाईनचे ग्लासही नाहीत. स्टीलच्या पेल्यात चालेल?

चालेल, गारही छान राहतं. फक्त रंग दिसणार नाही, आणि या पेयाची निम्मी मजा रंगात आहे. काचेचा पाणी प्यायचा ग्लास पुरे. मापासाठी खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं टोपण स्वच्छ धुऊन वापरा, किंवा कुठलीही छोटी वाटी धरा: तीन वाट्या, दोन वाट्या, एक वाटी. प्रमाण सांभाळलं की झालं. 'अंदाजे' ओतणाऱ्यांचा पहिला ग्लास बरा होतो आणि चौथा नुसतं आपेरोल असतो.

११. मला फारच कडू लागतं. साखर घालू का?

आधी मीठ घालून बघा. थट्टा नाही. कारल्याला आपण मीठ लावून ठेवतो. त्याने कडू रस तर सुटतोच, पण मिठाचा स्वतःचाही एक गुण आहे, तो जिभेवरचा कडूपणा दाबतो. ग्लासात चिमटीत मावेल त्याच्याही अर्धं मीठ टाका, ढवळा, घोट घ्या. खारट लागत नाही, पण कडूची धार बोथट होते आणि संत्रं पुढे येतं. गोव्यात हुर्राकात (प्रश्न १४) मीठ घालणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे.

साखर घातली तर कडू तसाच राहतो आणि वर गोड चिकटपणा येतो. त्यापेक्षा सोडा वाढवा, थोडं लिंबू पिळा. तरीही नाहीच आवडलं तर सोडून द्या. पाडव्याला कडुलिंबाचं पान सगळेच खातात, पण आवडीने थोडेच खातात.

१२. संत्र्याची फोड हवीच का? मोसंबी चालेल?

फोड शोभेची नसते. ग्लास तोंडाजवळ नेताना नाकाला आधी साल लागते, आणि अर्धी चव तिथेच ठरते. नागपुरी संत्र्याची साल सैल आणि तेलाने भरलेली असते, वास उत्तम. पण त्याची गोल चकती नीट कापता येत नाही, पाकळ्या सुटतात. मग सालीचा दोन बोटं रुंद तुकडा घ्या, ग्लासावर धरून वाकवा म्हणजे तेलाचे बारीक थेंब उडतात, आणि आत टाका. बाहेरून येणारी घट्ट सालीची संत्री मिळाली तर चकत्या छान होतात.

मोसंबीला आंबटपणा नाही आणि सालीचा वास वेगळा, म्हणून फोडीसाठी नको. रस वापरायचा तर पिळल्याबरोबर वापरा. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने आपोआप कडू होत जातो. तो कडूपणा आपल्याला हवा तो नव्हे.

व्हेनिसमध्ये फोडीबरोबर एक हिरवं खारवलेलं ऑलिव्हही टाकतात. मीठ पुन्हा तेच काम करतं (प्रश्न ११).

१३. फेणीबरोबर जमतं का?

जमतं, पण फेणीला मान देऊन. काजूची फेणी ४२.८ टक्के असते आणि तिचा वास खोलीभर पसरतो. तिच्यासमोर आपेरोल लाजरं आहे. स्प्रिट्झमध्ये फेणी घातली तर फक्त फेणी उरते. आंबट पेयात मात्र दोघांचं पटतं: ३० काजूची फेणी, ३० आपेरोल, २० ताजा लिंबाचा रस, १० साखरेचा पाक, चिमूटभर मीठ. बर्फ घालून बरणीत दणकून हलवा, गाळून गार ग्लासात. माडाची फेणी घेतली तर पाक थोडा कमी करा.

फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तरीही आमच्याकडचेच लोक ती परक्या पाहुण्यांपासून लपवतात. हे कॉकटेल अशांसाठी पहिली पायरी म्हणून चांगलं आहे.

१४. आणि हुर्राक?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, आणि वर्षातले तीनच महिने येतो. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन. तेच पुन्हा गाळलं की फेणी होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत मिळतं, ताजंच प्यावं लागतं. नेहमीची रीत म्हणजे हुर्राक, लिम्का, लिंबू, मीठ आणि मधोमध चिरलेली हिरवी मिरची.

त्यातली लिम्का काढा. मोठ्या ग्लासात बर्फ, ६० हुर्राक, ३० आपेरोल, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, एक चिरलेली मिरची, वरून १०० सोडा. लिम्काचा गोडवा आता आपेरोल देतं, आणि वर थोडा कडवटपणा फुकट मिळतो. मिरची बियांसकट टाकू नका. दहा मिनिटांनी ती पेयाचा ताबा घेते. हुर्राक प्लास्टिकच्या बाटलीतून ओळखीच्या माणसाकडूनच येतं, आणि प्रत्येक भट्टीचं कमी-जास्त कडक असतं. आधी नुसता एक घोट घेऊन बघा आणि मग ६० की ४५ ते ठरवा.

१५. नेग्रोनीला व्हर्मूथ लागतं. गोव्याची पोर्ट वाईन चालते का?

नेग्रोनी म्हणजे ३० जिन, ३० काम्पारी, ३० गोड लाल व्हर्मूथ, बर्फावर ढवळून. गोष्ट अशी सांगतात की १९१९ मध्ये फ्लॉरेन्समध्ये काउंट कामिल्लो नेग्रोनी यांनी आपल्या नेहमीच्या अमेरिकानो कॉकटेलमधला सोडा काढून जिन घालायला लावली. म्हणजे आपेरोल आणि नेग्रोनी एकाच वर्षातले.

व्हर्मूथ ही वनस्पती घालून सुगंधी केलेली वाईन आहे. आपल्याकडची पोर्ट गोड आहे, लाल आहे, स्वस्त आहे, पण तिच्यात तो औषधी वास नाही. तरी अडल्या वेळी चालते: पोर्ट ३० ऐवजी २० घ्या, ढवळताना दालचिनीचा छोटा तुकडा टाका आणि संत्र्याची साल मोठी घ्या. जाणकार नाक मुरडतील. ते स्वतःचं व्हर्मूथ घेऊन येतील तेव्हा बघू.

जिनऐवजी फेणी घालायची असेल तर १५ जिन आणि १५ फेणी, पूर्ण ३० नको. कारण प्रश्न १३ मध्ये. आणि एक नेग्रोनी म्हणजे सुमारे २५ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे जवळपास ६० मिलीचा व्हिस्की पेग. ग्लास छोटा दिसतो म्हणून फसू नका.

१६. ते वरती पांढरा फेस असलेलं आंबट कॉकटेल घरी कसं करायचं? शेकर नाही.

लोणच्याची काचेची बरणी, मात्र लोणच्याचा वास पूर्ण गेलेली. ६० आपेरोल, ३० लिंबाचा रस, १० पाक आणि एका अंड्याचा पांढरा बलक. आधी बर्फाशिवाय पंधरा-वीस सेकंद जोरात हलवा, मग बर्फ घालून पुन्हा. गाळलं की वर साय धरल्यासारखा फेस येतो. अंडं कच्चंच राहतं, त्यामुळे ताजं आणि न तडकलेलं घ्या; गरोदर बायका, वयस्कर माणसं यांना देऊ नका. (गरोदरपणात दारूही नको, तेव्हा तो प्रश्न निम्मा मिटलाच.)

अंडं नको असेल तर छोले शिजवलेलं पाणी ३० मिली घ्या. चेष्टा वाटते, पण फेस अगदी तसाच येतो. पाणी मीठ न घालता शिजवलेलं हवं.

१७. आम्ही शाकाहारी आहोत. यात काही प्राणिज असतं का?

शंका रास्त आहे. काम्पारीचा लाल रंग पूर्वी कोचिनील नावाच्या किड्यापासून येत असे. २००६ पासून कंपनीने बहुतेक देशांत कृत्रिम रंग वापरायला सुरुवात केली. आपेरोलचा केशरी रंगही कृत्रिम आहे. लेबलवर रंगाचे क्रमांक असतात: ११० आणि १२४ म्हणजे कृत्रिम, १२० म्हणजे किड्याचा. काम्पारीची जुनी बाटली कुणी भेट दिली असेल तर एवढं वाचून घ्या.

वाईनचं प्रकरण वेगळं आहे. काही वाईनरी वाईन स्वच्छ करायला अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासूनचा पदार्थ वापरतात, तो नंतर गाळला जातो. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी प्रश्न ७ मधलं सोड्याचं पेय घ्यावं.

१८. उघडलेल्या बाटल्या किती टिकतात? फ्रीज लागतो का?

व्हिस्की कपाटात वर्षानुवर्षं राहते ती ४२.८ टक्के अल्कोहोलच्या जोरावर. आपेरोलकडे तो जोर नाही. इटलीच्या हिवाळ्यात काय करतात ते सोडा. गोव्यात उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. नंतर विषारी होत नाही, पण संत्र्याचा वास उतरतो आणि नुसता गोड-कडू द्रव राहतो. व्हर्मूथ आणि पोर्टलाही फ्रीजच.

फसफसती वाईन उघडली की त्या दिवशीचीच समजा. घट्ट बसणारं खास बूच असेल तर दुसरा दिवस निघतो. बाटलीच्या तोंडात चमचा उलटा ठेवला की गॅस टिकतो असं एक मावशी दर वेळी सांगतात. टिकत नाही.

आणि झाकण लावण्याआधी बाटलीची मान ओल्या फडक्याने पुसा. साखर असते, मुंग्या रात्रीत रांग लावतात आणि पावसाळ्यात लेबलला बुरशी येते.

१९. बारा माणसं येणार आहेत. किती बाटल्या आणू?

प्रत्येकी दोन ग्लास धरले तर चोवीस. आपेरोल १,४४० मिली, म्हणजे ७५० च्या दोन बाटल्या. वाईन २,१६० मिली, म्हणजे तीन. सोडा ७२० मिली, पण दीड लिटर आणा, कारण निम्मे लोक दुसरा ग्लास पातळ मागतात. बर्फ चार-पाच किलो. संत्री सहा.

जगमध्ये आधीच मिसळून ठेवू नका, गॅस जातो. टेबलावर सगळं मांडा आणि ३-२-१ कागदावर लिहून ठेवा; लोक आपापलं करतात आणि यजमानाला बसायला मिळतं.

२०. चखणा काय ठेवावा?

खारट आणि तेलकट. खारे काजू, शेंगदाणे, रव्यात तळलेली माणकी (स्क्विड) किंवा कोळंबी, चोरीस-पाव (गोव्याचं सॉसेज आणि पाव), बटाट्याच्या काचऱ्या. गोड शेव-चिवडा याच्यासोबत विचित्र लागतो. सोलकढीबरोबर तर अजिबात नको, दोघांचंही नुकसान.

२१. न पिणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी तसंच दिसणारं काही?

मोसंबीचा ताजा रस ९०, सोडा ९०, कोकम आगळ एक लहान चमचा, चिमूटभर मीठ, संत्र्याची साल. मोठ्यांसाठी सोड्याऐवजी टॉनिक वॉटर घातलं तर कडवट शेपूटही येतं. आगळ खारं असतं, म्हणून मीठ चाखून मगच. ग्लास वेगळ्या आकाराचे ठेवा. सगळ्यांचे ग्लास केशरीच दिसतात आणि मुलं कुठलाही उचलतात.

२२. असं लिकर घरीच बनवता येईल का? साली तर फुकट जातात.

हुबेहूब आपेरोल नाही, पण दक्षिण इटलीत घरोघरी संत्र्याच्या सालीचं गोड लिकर करतात, ते जमतं. सहा संत्र्यांची साल घ्या, आतला पांढरा भाग सुरीने खरवडून टाका. ५०० मिली व्होडकात दहा दिवस अंधारात ठेवा, रोज एकदा हलवा. गाळा. २०० ग्रॅम साखर आणि २०० मिली पाण्याचा पाक करून पूर्ण गार झाल्यावर मिसळा. आणखी आठवडाभर थांबा.

कडूपणा हवा म्हणून मी एकदा त्यात काडेचिराईताची एक काडी टाकली आणि रात्रभर विसरलो. सकाळी जे तयार झालं होतं ते घरातल्या कुणीही, अगदी ज्यांनी काहीच सोडलं नव्हतं त्यांनीही, दुसऱ्यांदा तोंडाला लावलं नाही. कडूपणासाठी दोन सालींचा पांढरा भाग तसाच ठेवा, तेवढं पुरे.

हे सगळं विकत आणलेल्या दारूत साल भिजवण्याबद्दल झालं. घरी ऊर्ध्वपातन करणं वेगळी गोष्ट. त्याला परवाना लागतो.

२३. एकच ग्लास घेतला, हलकंच आहे. स्कूटरवरून घरी जाऊ ना?

नाही. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही आहे, आणि प्रश्न ४ मधला हिशेब बघता लहान चणीच्या माणसाला एका ग्लासातही ती ओलांडता येते. रिकाम्या पोटी तर नक्कीच भरवसा नाही. आमच्याकडे चाव्या फ्रीजवरच्या डब्यात जातात.

२४. सुट्टी संपली, अर्धी बाटली पुण्याला नेता येईल का?

बाटलीवर 'फक्त गोव्यात विक्रीसाठी' असं छापलेलं असतं, ते वाचा. परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेणं गुन्हा आहे आणि सीमेवरच्या पत्रादेवीनंतर महाराष्ट्राच्या हद्दीत गाड्या तपासतात. 'उघडलेली आहे, स्वतःसाठीच आहे' हे तिथे चालत नाही. परवाना उत्पादन शुल्क खात्याकडून रीतसर काढा, नाहीतर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला बोलवा.

२५. श्रावण लागायच्या आधी बाटली उघडली होती. चतुर्थी झाल्यावर आता हात लावतोय. चालेल?

दर वर्षी सप्टेंबरात हा प्रश्न किमान पाच घरांतून येतो. फ्रीजमध्ये होती तर बिनधास्त चालेल, दीड महिन्यात काही बिघडत नाही. पावसाळाभर स्वयंपाकघरातल्या कपाटात होती तर आधी झाकण उघडून वास घ्या. संत्रं आलं तर स्प्रिट्झ करा. फक्त साखरेचा पाक असल्यासारखा वास आला तर प्रश्न १६ मधल्या आंबट पेयात वापरा, तिथे लिंबू सांभाळून घेतं. पाक मात्र घालू नका. गढूळ दिसली किंवा झाकणाखाली मुंग्या निघाल्या तर बेसिनमध्ये ओता आणि वर भरपूर पाणी सोडा.